टोपीवाल्याचा आवाज

रविवारी दुपारी आमच्या घरातला टीव्ही आता बंद असतो. नवरा एकदा सवयीने रिमोट उचलायला गेला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो पुन्हा ठेवून दिला. त्या वेळेला एका चॅनेलवर धूळ, घोडे, लाकडी दुकानं आणि मधोमध एक टोपीवाला माणूस चालू असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तो तिकडे गोळ्या झाडो नाहीतर झोपा काढो. मला त्याचं तोंड बघायचं नाही.

हे लिहिताना मलाच कसंसं होतं, कारण या माणसावर माझा जीव होता. वर्गातल्या मुलींच्या वह्यांत सिनेनटांचे फोटो असायचे, माझ्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून एका टोपीचं चित्र चिकटवलेलं होतं. नुसती टोपी. चेहरा मला काढता येत नसे. त्या नटाचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं आणि मालिकेतलं नाव उच्चारता येत नव्हतं, म्हणून गल्लीभर तो टोपीवालाच होता.

आमचं गाव वर्धेजवळचं, तालुक्याचं. बाबा गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. घरी शटरचा, लाकडी पेटीतला काळा-पांढरा टीव्ही आला तेव्हा गल्लीत तो दुसराच होता, आणि पहिला ज्यांच्याकडे होता ते लोक दार लावून बघत. त्यामुळे सगळी पोरं आमच्याकडे. चॅनेल एकच. त्यावर आठवड्यातून एकदा ती इंग्रजी मालिका लागायची. आमच्यापैकी कोणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. शाळेत इंग्रजी पाचवीपासून, तेही पाठ करण्यापुरतं. बाबांचं इंग्रजी औषधाच्या बाटल्यांवरच्या लेबलांपुरतं. पण पोरं आशेने तोंडाकडे बघायला लागली की बाबांना गप्प बसवत नसे.

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. इंग्रजीने स्पीकर लवकर फाटतो, असं कारण सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला. मग टीव्हीच्या बाजूला खाट ओढून ते स्वतःच बोलायला लागले. टोपीवाला, बंदूकवाला, दारूच्या दुकानाचा मालक, खिडकीतली बाई, म्हातारा न्हावी, वेळ पडली तर घोडासुद्धा, सगळ्यांचं बोलणं त्यांचंच. टोपीवाला अस्सल वऱ्हाडी बोलायचा. दारूच्या दुकानाचं झुलतं दार ढकलून आत शिरतानाच तो विचारायचा, "काहून बे, गावातली जनावरं मरून राह्यली अन् तू इथं दारू ढोसून राह्यला?"

बाबांचं जग जेवढं होतं तेवढंच त्यांनी त्या परक्या माळरानावर नेऊन ठेवलं होतं. त्यामुळे त्या मालिकेतल्या सगळ्या मारामाऱ्या गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या लशीवरून होत. लस जिल्ह्याहून निघालेली असे आणि वाटेत कोणीतरी अडवून धरलेली असे. जाडा माणूस दिसला की तो तहसीलदार. काळ्या कोटातला नकली औषधं विकणारा. टोपीवाला दोघांनाही लोळवून लस सोडवून आणायचा, बर्फाच्या डब्यातून. डबा कधी दिसत नाही अशी शंका एका पोराने काढली, तेव्हा तो खोगिराच्या मागे बांधलाय असं बाबांनी सांगितलं. तेवढं आम्हाला पुरलं.

शेवट ठरलेला असे. टोपीवाला टोपीला बोट लावायचा आणि बाबा म्हणायचे, "येतो बरं मावशी. जनावराईले मीठ चारजा." मग तो घोड्यावर बसून लांबच्या डोंगराकडे निघायचा. इथे बाबा आवाज खाली आणत आणि स्वतःच्या, नेहमीच्या बोलण्यात सांगत, "चालला घरी. माय वाट पाहून राह्यली असंन." शटर ओढलं जाई, पोरं पांगत, आई पानं घ्यायला लागे. टोपीवाल्याच्याही घरी आता पानं मांडली असतील, असं माझ्या मनात पक्कं असे. जो निघाला तो घरीच निघाला. निघालेल्या माणसाला दुसरी कुठली दिशा असू शकते, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

मग ती दिशा मला कळली आणि मी तीच धरली. आधी पुणं, मग आयर्लंड. आता आम्ही शॅननला राहतो. विमानतळाला लागून कारखान्यांची मोठी वसाहत आहे, तिथे वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हे माझं काम. नवरा म्हणतो, तिथे पगार घेऊन करतेस तेच घरी फुकट करतेस.

२०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा नवऱ्याचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं आणि मुलीची शाळा सोफ्यावर. माझा कारखाना मात्र चालू राहिला. विमानं थांबली. विमानतळाजवळ राहणाऱ्याला विमानाचा आवाज ऐकू येत नसतो. तो थांबला तेव्हा मला ऐकू आला. उन्हाळ्यात नागपूरला जायची तिकिटं काढलेली होती, ती रद्द झाली. डिसेंबरची काढली, तीही गेली. आई गेल्यापासून बाबा नागपूरला माझ्या भावाकडे, दादाकडे राहत. प्रत्येक रद्द तिकिटाला त्यांचं उत्तर एकच असे. "येजो सावकाश. मी कुटी चाललो?"

त्या वर्षीच्या पानगळीत टोपीवाला वारला.

म्हणजे तो नट वारला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, एका टेबलाला एकच खुर्ची ठेवण्याच्या दिवसांत, सँडविच खाता खाता मी फोनवर वाचलं. नव्वदीच्या पुढचा होता, वृद्धाश्रमात गेला. फोटोत टोपी नव्हती म्हणून आधी ओळखलंच नाही, मग भुवयांवरून ओळख पटली. शहरात वाढलेला, बापाचं बूटदुरुस्तीचं दुकान. घोड्याला जन्मभर घाबरायचा. तो लांब जाताना दाखवायचे तेव्हा घोड्यावर दुसराच माणूस असे. मालिका संपल्यावर त्याला कोणी धड काम दिलं नाही, कारण लोकांना त्याच्याकडून फक्त टोपी हवी होती. मग वर्षानुवर्षं तो ती टोपी घालून दुकानांची उद्घाटनं करत फिरला. शेवटी शेवटी त्याला भेटायला कोणाला सोडत नव्हते, असं शेवटच्या ओळीत होतं. मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी ज्याची साधी आठवण काढली नव्हती त्याच्यासाठी कॅन्टीनमध्ये बसून रडायचं, याचा मला रागही आला.

आमच्या शेजारी एक म्हातारे आयरिश गृहस्थ राहतात, एकटेच. वय झालेल्यांनी घराबाहेर पडू नये असं तेव्हा सांगितलेलं होतं, त्यामुळे त्यांचा सगळा लोकसंपर्क आमच्या दोघांमधल्या बुटक्या भिंतीवरून चाले. इथे ज्याचं नाव घ्यायची गरज वाटत नाही त्याला 'युअर मॅन' म्हणायची पद्धत आहे. मी बातमीचा विषय काढताच ते म्हणाले, हो, युअर मॅन गेला बिचारा. लहानपणी त्यांनीही ती मालिका एकही भाग न चुकवता बघितली होती. शेजारच्या लिमरिक शहरात तो एका फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाला आला होता, पावसात उभा राहिला, सगळ्यांशी हात मिळवला, अगदी ग्रँड माणूस. त्याची आजी इथल्याच क्लेअर जिल्ह्यातली होती, हेही त्यांनी ठासून सांगितलं. या जिल्ह्यात प्रत्येक प्रसिद्ध माणसाची आजी क्लेअरचीच असते, त्यामुळे मी मान डोलावली. तो गेला म्हणून एका चॅनेलवर रविवारी दुपारी जुने भाग पुन्हा दाखवणार आहेत, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

पहिल्या रविवारी मी आवाज चांगला मोठा करून बसले. मुलीला बाजूला बसवलं. ती नऊ वर्षांची, इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र क्लेअरच्या हेलातल्या इंग्रजीत. तिला मी आधीच बरंच काही सांगून ठेवलं होतं. आणि टोपीवाला आला, आणि काही बोलेचना. अर्ध्या तासात त्याने मोजकी वाक्यं टाकली, तीही दात न उघडता. मायाळूपणा नाही, चेष्टा नाही, म्हाताऱ्या न्हाव्याची विचारपूस नाही. जनावरांचा विषयच नाही. भांडण कुठल्याशा जमिनीवरून होतं. शेवटी खिडकीतल्या बाईने विचारलं, आता कुठे जाणार? तो म्हणाला, काही ठरवलेलं नाही. टोपीला बोट लावलं आणि निघाला. मुलगी म्हणाली, "ही'ज अ बिट ग्रंपी, आई."

भिंतीवरून मी शेजाऱ्यांना विचारलं, या माणसाचं घर कुठे दाखवलंय? कुठल्या भागात? ते माझ्याकडे बघतच राहिले. युअर मॅनला घर नाही, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. कोणी नाही त्याचं. तेच तर त्या मालिकेत सगळं आहे.

मी त्याच दिवशी नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. आमची फसवणूक झाल्याची रीतसर तक्रार केली. बाबा खूप हसले, खोकेपर्यंत हसले. मग म्हणाले, "अवं, तू रडे ना. पहिल्या दिवशी तो एकटाच निघाला, तं तू जे भोकाड पसरलं! म्हटलं, घरी चालला तो, माय वाट पाहून राह्यली. तवा चूप झाली. मंग काय, दर वेळी पाठवाच लागे त्याले घरी."

म्हणजे ते सगळं घर, ती चूल, ती वाट बघणारी आई, हे सगळं माझ्या एका रडण्यावर उभं राहिलं होतं. मग मी त्यांना नट गेल्याचं सांगितलं. घोड्याला घाबरायचा आणि लांबून दिसायचा तो दुसराच, हेही.  बाबांच्या डोक्यात काहीतरी मांडामांड चालली होती. मग म्हणाले, "चेहरा त्याचा, घोड्यावरचं बूड दुसऱ्याचं, अन् बोलणं माह्यं. तिघं मिळून एक माणूस होता तो. एक गेला. दोघं आहो अजून."

घोड्यावरच्या माणसाची काही खबर नव्हती, पण बाबांनी त्याला जिवंत धरलं.

त्यानंतर तो हिवाळाभर रविवारचा कार्यक्रम ठरला. इथे अडीच वाजलेले, तिकडे रात्रीची जेवणं उरकलेली. मी टीव्हीचा आवाज बंद करायची, फोन टीव्ही आणि सोफा दोन्ही दिसतील असा पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवायची आणि बाबा नागपूरहून बोलायचे. फोनवरून चित्र त्यांना उशिरा पोचे आणि त्यांचं बोलणं आम्हाला त्याहून उशिरा. टोपीवाला तोंड मिटून घोड्याला पाणी पाजत असे तेव्हा त्याचं मघाचं भांडण आमच्यापर्यंत पोचे. मुलगी हसून सोफ्यावरून खाली पडायची. तिला तहसीलदार आवडायचा. शेवटी तो डोंगराकडे वळला की ती न चुकता विचारायची, "व्हेअर'ज ही ऑफ टू, आजोबा?" आणि बाबा आवाज खाली आणून सांगायचे. मला तिथे बसून ऐकताना बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून भीती वाटायची.

नव्या वर्षात इथे घरापासून फार लांब जायचं नाही असा नियम होता, आणि तिकडे लस आली. खरी, माणसांची. बाबांना या गोष्टीचा फार आनंद झाला. आयुष्यभर सोडवून आणली ती अखेर आपल्या दारी आली, म्हणाले. दादाने फोनवरून नाव नोंदवलं. केंद्रावर गेले तर साठा संपल्याचा कागद चिकटवलेला. पुन्हा गेले, पुन्हा तेच. त्या रविवारी मालिकेतला तहसीलदार खुर्चीवर रेलून म्हणाला, लस संपली, उद्या या. टोपीवाल्याने त्याला कॉलर धरून उचललं. आम्ही सगळे हसलो. मीही हसले, हे मला आता आठवतं.

तिसऱ्या खेपेला ते सकाळभर रांगेत उभे राहिले. गर्दी खूप होती, ऊन होतं, पाणी प्यायला लोक मास्क खाली घेत होते. त्या दिवशीही लस मिळाली नाही. त्यानंतर काही दिवसांनी ताप आला. रांगेतून आला की दूधवाल्याकडून की दादाच्या ऑफिसातून, कोण सांगणार. मी मात्र रांगेवरच राग धरून बसले आहे. कशावर तरी धरायला हवा.

पुढचं सगळ्यांचं सारखंच आहे. ऑक्सिजन घसरला. दादा गाडीत बाबांना घेऊन दवाखान्यांच्या दारांवर फिरला, शेवटी एका सरकारी वॉर्डात खाट मिळाली. आत कोणाला सोडत नव्हते. दादा रस्त्यापलीकडे गाडीत बसून राही. मी तिकीट काढलं. त्यासाठी तपासणी केली, तिचा अहवाल आला, बॅग भरून दाराशी ठेवली. दादा म्हणाला, "येऊन काय करशील? मलाच आत सोडत नाहीत." मी म्हणाले, मीही रस्त्यापलीकडे बसेन. परत येताना हॉटेलात डांबून ठेवतील, कदाचित येऊच देणार नाहीत, असं इथे लोक सांगत होते. नवरा म्हणाला, ते आपण नंतर बघू. तू जा.

रविवारी सकाळी विमान रद्द झाल्याचा मेसेज आला. आपण दिलगीर आहोत असंही त्यात होतं. मी दुसरं विमान शोधत बसले. दोहामार्गे, लंडनमार्गे, कुठूनही. एक दिसे आणि पैसे भरेपर्यंत नाहीसं होई.

दुपारी दादाचा फोन आला. आतल्या एका सिस्टरने हो म्हटलं होतं, ती थोडा वेळ फोन धरणार होती.  बाबांशी बोलायचं ठरवून बसले असते तर मी नुसती रडले असते, आणि टीव्हीवर नेमका तो लागायची वेळ झाली होती. मी टीव्ही लावला, आवाज बंद केला, फोन पुस्तकांना टेकवला.

आधी सिस्टरचे डोळे दिसले, चष्म्याच्या आतले, घामेजलेले. मग बाबा. मास्कचा पट्टा गालात रुतलेला. ते आमच्याकडे बघत होते की टीव्हीकडे, ते कळत नव्हतं. मी बोलायला सुरुवात केली. मला ती वऱ्हाडी आता येत नाही. पुण्यात ती मी स्वतःच घासून काढली होती. "काहून बे," मी म्हणाले आणि माझा मलाच आवाज खोटा वाटला. तरी बोलत राहिले. तहसीलदाराला बोलवलं, लस अडवली, सोडवली. खोगिरामागे डबाही बांधला. मुलगी माझ्या दंडाला धरून बसली होती, एरवी हसते तिथे हसत नव्हती. बाबांच्या छातीची धाप मास्कमधून आमच्यापर्यंत उशिरा पोचत होती, चित्रात छाती खाली गेलेली असायची तेव्हा.

शेवटी टोपीवाल्याने टोपीला बोट लावलं. घोडा डोंगराकडे वळला. मी आवाज खाली आणला, त्यांच्यासारखा, आणि म्हणाले, "चालला घरी, बाबा. माय वाट पाहून राह्यली."

बाबांनी हात उचलून मास्क बाजूला केला. सिस्टर म्हणाली, "आजोबा, नाही, काढू नका." त्यांनी तिला थांबवलं.

"त्याचं राहू दे," ते म्हणाले. "तू कवा येशीन?"

"येऊनच राह्यली, बाबा," मी म्हणाले. "निघालीच. बॅग दाराशी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी नक्की माझ्याकडेच. चित्रातल्या माणसाच्या तोंडी भलतंच बोलणं घालायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. समोरच्याने स्वतःच्याच तोंडी घातलेलं त्यांना ओळखू आलं नसेल, असं मला वाटत नाही.

"हाव," ते म्हणाले. मग सिस्टरने मास्क बसवला आणि फोन दादाकडे द्यायला निघाली. वॉर्डाचं छत, एक पंखा, दाराची चौकट एवढं दिसलं आणि बंद झालं.

दुसऱ्या दिवशी ते गेले. मी तेव्हा कारखान्यात होते, हातात मोजे होते, फोन लॉकरमध्ये होता. अंत्यविधी दादाने लांबून फोन धरून दाखवला. तिथेही रांग होती. कुठला आमचा हे दादाने बोटाने दाखवलं, तेवढ्यात चित्र अडकलं. अडकलेल्या चित्रात दादाचं बोट तसंच राहिलं आणि त्याच्या रडण्याचा आवाज त्यामागून येत राहिला. बॅग आठवडाभर दाराशी होती. मग नवऱ्याने ती उचलून आत नेली आणि मला न सांगता रिकामी केली.

शेजाऱ्यांना कसं कळलं कोण जाणे. ते भिंतीशी येऊन उभे राहिले, टोपी काढून. मयताला इथले लोक जे म्हणतात तेच म्हणाले, तुमच्यावरच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं. हिवाळ्यात त्यांची बहीण गेली होती, चर्चमधला विधी लॅपटॉपवर दिसावा म्हणून भिंतीपलीकडून मीच त्यांना बटणं सांगितली होती. त्यामुळे आमच्यात जास्त बोलायला काही नव्हतं. त्यांनी घरी भाजलेला पाव भिंतीवर ठेवला आणि लांब सरकले, मी तो उचलेपर्यंत उभे राहिले.

त्यानंतरचा रविवार. मी स्वयंपाकघरात होते. मुलीने मला न विचारता टीव्ही लावला, सवयीने आवाज बंद केला आणि पुस्तकांचा गठ्ठाही नेहमीच्या जागी ठेवला. फोन मात्र ठेवला नाही. मी दारात आले तशी ती माझ्याकडे बघत राहिली. आता मी बोलायचं होतं. मला त्याचं पहिलं वाक्य पाठ होतं, तेही तोंडातून निघेना. टोपीवाला दारूच्या दुकानात शिरला, काहीतरी म्हणाला, कोणीतरी काहीतरी उत्तर दिलं. पूर्ण भागभर माणसं तोंडं हलवत होती आणि घरात फ्रिजची घरघर सोडून काही ऐकू येत नव्हतं. तिघांपैकी एक वृद्धाश्रमात गेला होता, एक नागपुरात. उरला तो घोड्यावरचा, आणि त्याचं तोंड कधीच कोणाला दिसलं नव्हतं.

त्याने टोपीला बोट लावलं. घोडा डोंगराकडे वळला. मुलीने या वेळी काही विचारलं नाही. ती स्वतःशीच, क्लेअरच्या हेलात, पण मराठीत म्हणाली, "चालला घरी."

मला तिला सांगायचं होतं, नाही गं, त्याला घर नाही. त्याचं कोणी नाही. तो नुसता जातो, त्याला कोणी थांबवत नाही, आणि घोड्यावरचा तर तोसुद्धा नाही. मी एवढं सगळं तोंडात आणलं. मग वळले, स्वयंपाकघरातलं कपाट, ज्याला ती प्रेस म्हणते, ते उघडलं आणि आत डबे बघत उभी राहिले.

"इजंट ही, आई?" तिने मागून विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तिने टीव्ही बंद केला आणि सायकल घेऊन बाहेर गेली. तिला वाटतं, जो निघाला तो घरीच निघाला. मलाही तिच्या वयात तसंच वाटायचं.